उतारावरची फटफट

नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातात, पण आमच्या इमारतीत मासळीचा हंगाम त्या दिवशी सुरू होत नाही. श्रावण संपायचा असतो. तो संपतो न संपतो तोच गणपती येतात. कोणाकडे गौरी उठेपर्यंत थांबतात, कोणाकडे अनंत चतुर्दशीपर्यंत. पितृपक्षात थोडी मोकळीक मिळते, की लगेच घट बसतात. दसऱ्यानंतर मात्र सबब उरत नाही. नवीन पनवेलच्या आमच्या भागातून तेव्हा सकाळी कर्नाळ्याचा सुळका स्वच्छ दिसतो. दुपारी ऊन चावतं. उरणकडून येणाऱ्या ट्रेलरांची धूळ खिडकीच्या गजांवर पुन्हा बसायला लागते. बुधवार, शुक्रवार आणि रविवार या दिवशी जिन्यात आल्या-लसणाच्या वाटणाचा वास असतो आणि ओट्यावर वाटीत आमसुलं भिजत असतात.

परवा रविवारी गेटाकडून लाकडावर कोयता पडल्याचा आवाज आला. ठक. जरा थांबून ठक, ठक. बायकोने ओट्याखालचं स्टीलचं पातेलं काढून माझ्या हातात दिलं. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं, लिफ्ट खाली गेली.

गेल्या वर्षी याच दिवसांत हा आवाज नव्हता. दुसराच होता.

आमच्या गेटाआधी रस्त्याला उतार आहे. गव्हाणचे हसुराम आणि गुलाबताई हे नवराबायको मोटरसायकलवरून तो उतार उतरत. मागे दोन्ही बाजूंना मासळीचे क्रेट, मध्ये गुलाबताई, त्यांच्या मांडीवर चिंचेच्या लाकडाचा ठोकळा. उतार लागला की हसुराम ॲक्सिलरेटर सोडायचा आणि सायलेन्सरमधून फट्, फट्, फटाक असे बार निघायचे. क्रेटमधलं खारं पाणी वर्षानुवर्षं सायलेन्सरवर ठिबकून तो आतून कुजला होता, त्यामुळे बार चांगलेच मोठे वाजत. इमारतीतल्या बायकांनी त्यावर कधी विचार केला नव्हता. फटफट झाली की त्या पातेली घेऊन खाली येत. गुलाबताई ठोकळा मांडत, बोंबील, मांदेली, कोलंबी, कधी चिंबोऱ्या, आणि ज्याला त्याला टोमणा.

“काय ओ बाय, गेल्या शुक्रवारी सुरमई नको म्हनलात, आज सासूबाई आल्यात वाटतं?”

हसुराम बाजूला उभा राहून सुटे पैसे सांभाळायचा आणि कमी बोलायचा. आधी तो एका कंटेनर यार्डात रखवालदार होता. रात्रपाळी सोडून बायकोबरोबर या धंद्यात उतरला, तेव्हा मोटरसायकल ही त्याची भर. त्याआधी गुलाबताई टोपली घेऊन एसटीने यायच्या आणि कंडक्टरशी भांडायच्या.

पहाटे उरणजवळ मोऱ्याच्या जेट्टीवर लिलावात माल घ्यायचा, बर्फ भरायचा, वाटेत दोन लहान थांबे, मग आमचं गेट. इथे निम्म्याहून जास्त माल जायचा. जवळच्या इमारतींत फोनवर मागवलेली, कापून डब्यात भरलेली मासळी यायला लागली होती. ते थांबे एकेक करून गळले होते. आमचं टिकलं होतं.

तक्रार दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी झाली. सोसायटीचे सेक्रेटरी वैद्यकाका गेटावर आले. पहिल्या मजल्यावर गेटाच्या बरोबर वर त्यांची गॅलरी. त्यांची मोठी बहीण, माई, उन्हाळ्यात हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्याकडे राहायला होती.

“बाई, तुमच्या मासळीला माझा विरोध नाही,” वैद्यकाका म्हणाले. “आम्ही खात नाही, पण वासाबद्दल कधी चकार शब्द काढलाय का? ही फटाक्यांची माळ मात्र नको. दर वेळी माई दचकून उठते. परवा हातातला कप पडला तिच्या.”

“आवं काका, आमी काय मुद्दाम वाजवतंय?”

“मुद्दाम नाही हो. पण वाजते ना? पुढच्या बुधवारपासून गाडी वाजली तर वॉचमन इथे थांबू देणार नाही. मीटिंगमध्ये ठरलंय.”

ते गेल्यावर गुलाबताईंनी कोलंबी सोलता सोलता नवऱ्याकडे न बघता म्हटलं, “गेट गेला का आमी गेलो. मंग जावा परत यार्डात, रात्रभर शिट्टी वाजवत.”

म्हणून हसुराम जुन्या पनवेलमध्ये मुनाफभाईंच्या गॅरेजात आला. माझी मोटरसायकल क्लचच्या वायरसाठी तिथेच उभी होती, त्यामुळे पुढचं काम समोर बघायला मिळालं. मुनाफभाई हे बोलके मेकॅनिक. हात चालू असताना तोंड बंद राहिलं तर त्यांना हातात काहीतरी चुकतंय असं वाटतं.

“हसुराम, सरकारने इंजिनाला दुसरं नाक दिलंय,” ते म्हणाले. “एका नाकाने श्वास घेतो. दुसऱ्याने धुरात ताजी हवा सोडतो, म्हणजे न जळलेलं पेट्रोल वाटेतच जळून जावं. कायदा चांगला आहे. पण तुझा सायलेन्सर झाला म्हातारा. तू ॲक्सिलरेटर सोडलास की कच्चं पेट्रोल आणि ती हवा आत भेटतात आणि हा शिंकतो.”

“मंग?”

“मग नाक बंद.”

धूर स्वच्छ राहावा म्हणून कंपनीने बसवलेली वाट बंद करणं नियमात बसत नाही. हे मी मुनाफभाईंना सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, मान हलवली, आणि नवा सायलेन्सर केवढ्याला पडतो हे हसुरामला सांगितलं. हसुरामने इंजिनाकडेच बोट केलं. मुनाफभाईंनी आठचा पाना उचलला.

काम दिसायला लहान असतं. इंजिनाच्या डोक्यापाशी एक झडप, ती दोन बोल्टांनी धरलेली. तिच्यातून एक रबरी नळी हवेच्या फिल्टरच्या डब्याकडे जाते. झडप काढायची, नळी काढायची, आणि मागे उरलेली दोन तोंडं दोन पट्ट्यांनी बंद करायची. फिल्टरकडच्या तोंडाला त्रास नसतो, तिथे गार हवा. इंजिनाकडच्या तोंडाला आतून जळता धूर येऊन भिडतो. खरी पट्टी तिथली.

त्या महिन्यांत सगळीकडे गाड्यांना नव्या नंबरप्लेटी लागत होत्या. मुनाफभाईंच्या दुकानात कोपऱ्यात जुन्या प्लेटींचा ढीग पडला होता आणि हसुरामची जुनी प्लेट त्याच्या सीटखालीच होती. तिच्यातून पत्र्याच्या कातरीने दोन तुकडे निघाले. एकावर अर्धा सात राहिला. पट्टीखाली बसवायच्या पॅकिंगसाठी पुठ्ठा हवा होता. हसुरामच्या टूलच्या पिशवीत पुतणीच्या लग्नाची एक उरलेली पत्रिका निघाली, जाड, सोनेरी अक्षरांची.

“वा. असला कागद आजकाल लग्नातच मिळतो,” असं म्हणून मुनाफभाईंनी ती इंजिनाच्या तोंडावर धरली आणि लहान हातोडीने कडेकडेने ठोकत गेले. कागद धातूच्या धारेवर कापला गेला आणि तोंडाचा हुबेहूब आकार हातात आला. मग ब्लेडने जुनं पॅकिंग खरवडलं, पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, लाल सिलिकॉन लावलं. हात सढळ होता. बोल्ट आवळताना कडेने लाल मिशा बाहेर आल्या.

“आता हिला उद्या उजाडेपर्यंत हात लावू नको. सिलिकॉन धरायला वेळ लागतो.”

“उजाडेपर्यंत? लिलाव अंधारात असतो, मुनाफभाई.”

“मग एक दिवस जाऊ नको. सब्र कर.”

“म्हावरं सब्र करतं काय? आन नवरात्रात वादळाचा बावटा होता, होड्याच नव्हत्या. आता आल्यात तर घरी बसू?”

त्याने तिथेच किक मारली. इंजिन सुरू झालं. त्याने ॲक्सिलरेटर पिळला, सोडला. पुन्हा पिळला, सोडला. काही वाजलं नाही. नेहमी गंभीर असणारा हसुराम हसला आणि सिलिकॉनच्या मिशा ओल्या असतानाच गव्हाणच्या रस्त्याला लागला.

बुधवारी गाडी उतारावरून आली आणि कोणाला कळलं नाही. गुलाबताईंनी ठोकळा मांडला. वॉचमनने गाडीभोवती एक फेरी मारली आणि समाधानाने खुर्चीत बसला. शुक्रवारी तसंच झालं. त्या दोन्ही दिवशी आमच्या घरी बटाट्याची भाजी होती आणि आज मासे का नाहीत असं कोणी विचारलं नाही.

रविवारी दाराची बेल वाजली. गुलाबताई होत्या. ओल्या पदराला हात पुसत दारातच उभ्या राहिल्या.

“भाऊ, आज बी नाय आलात. मागं म्हावरं खराब दिलं काय मी?”

“तुम्ही आलात कधी?”

“कवाची उबी हाय.”

“आवाज आला नाही.”

हे उत्तर विचार न करता तोंडातून गेलं.

“आवाज बंद करा म्हनून तुमच्याच लोकांनी सांगितलेला ना?” त्या म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसणाऱ्या मला हे लवकर कळायला हवं होतं. रोज घडणाऱ्या गोष्टीची बातमी होत नाही, ती थांबली की होते. पण थांबल्याचंही कोणीतरी येऊन सांगावं लागतं. मासे आले नाहीत ही गोष्ट इमारतीतल्या कुठल्याच स्वयंपाकघरात घटना म्हणून पोहोचली नव्हती.

हाक मारायची सोय नव्हती. गेटावर पाटी आहे, फेरीवाल्यांनी ओरडू नये. बायकोने उपाय म्हणून इमारतीच्या ग्रुपवर बोंबलांचा फोटो टाकला. लगेच प्रश्न आले. भाव काय? साफ करून देणार का? वरती आणून देतील का? मोठे आहेत की फोटोत मोठे दिसतात? एकीने हात जोडल्याचं चित्र टाकून आज संकष्टी असल्याची आठवण दिली. खाली कोणीच गेलं नाही. गुलाबताईंना फोन दाखवला तर त्या म्हणाल्या, “फोटूत म्हावरं सगलं ताजंच दिसतं. हातात घेऊन गलफड लाल हाय का बघितल्याबिगर कोन घेईल? मी बी नाय घ्यायची.”

न खपलेला माल परत गव्हाणला जायचा. बोंबील दोरीवर, मांदेली मिठात. हसुरामने यार्डातल्या जुन्या मुकादमाला फोन केला होता. जागा होती. रात्रपाळीच. तो तिकडे गेला की पहाटे मोऱ्याला गाडी कोण नेणार, हे दोघांनाही माहीत होतं. एसटीची टोपली आता गुलाबताईंच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती.

पुढच्या रविवारी उतारावर बार झाला. नेहमीपेक्षा मोठा. मग आणखी दोन, तीन. आमच्या मजल्यावरची दोन दारं एकदम उघडली. पातेली, पिशव्या, कोणाच्या हातात कुकरचं भांडं. खाली पोहोचेपर्यंत गुलाबताईंभोवती कडं झालं होतं.

“आलात एकदाच्या! आम्हाला वाटलं सोडलंत की काय,” एकजण म्हणाली.

“रोज येतंय बाय, रोज. तुमीच आमाला सोडलेला.”

“बोंबील आधी मला हं.”

“आदी रांग, मंग बोंबील.”

गुलाबताईंचा हात नुसता चालत होता. हसुराम गाडीपाशी वाकून इंजिनाकडे बघत होता. तिथून सुर्रसुर्र धूर निसटत होता, ज्या पट्टीने आवाज थांबवला होता त्याच पट्टीच्या कडेने. सीलमधून धूर बाहेर जात होता आणि ॲक्सिलरेटर सोडला की तिथूनच हवा आत ओढली जात होती. बार पूर्वीपेक्षा जोरात होण्याचं कारण ते.

वैद्यकाका तोपर्यंत खाली आले होते. आवाज चढलेला होता. “हे काय चाललंय? दोन आठवडे गप्प होती ना गाडी?”

“काका, आजचा दिस विकून घेऊ द्या,” हसुराम म्हणाला. “तुमीच बघा किती जनी आल्यात.”

“मी खाली काय बघू? वर बघा जरा.”

गुलाबताईंनी वर बघितलं. गॅलरीत माई उभ्या होत्या. एक हात कठड्यावर, एक छातीवर. चेहऱ्यावर राग नव्हता. कठडा न सोडता त्या हळूहळू मागच्या स्टुलावर बसल्या, बसताना स्टूल कुठे आहे ते पायाने चाचपून.

गुलाबताईंनी कोयता ठोकळ्यावर आडवा ठेवला.

“आवं, गाडी बंद करा आन ढकलत न्या कोपऱ्यापर्यंत. चालू करू नका.”

“आगो, पन सील नीट केला का परत कोन येल खाली?” हसुराम हळू आवाजात म्हणाला. त्याच्या समोर पातेली घेतलेल्या बायका उभ्या होत्या, त्यामुळे त्याला यापेक्षा जास्त बोलावं लागलं नाही.

“ते मी बघतंय. तुमी ती पट्टी नीट बसवून घ्या. जल्ला तो पत्रा, आता पत्र्याचा खेल नको.”

त्याने गाडी ढकलत नेली. गुलाबताईंनी पुन्हा कोयता उचलला, पण नंतरचे बोंबील कापताना त्यांनी कोणाला टोमणा मारला नाही.

दुपारी मुनाफभाईंनी पट्टी उघडली. लग्नाच्या पत्रिकेची राख झाली होती. पत्रा दोन बोल्टांच्या मध्ये कमानीसारखा वाकला होता आणि अर्धा सात तपकिरी पडला होता.

“मी म्हटलं होतं सब्र कर,” मुनाफभाई म्हणाले.

“आन पत्रा वाकला तो बी माज्याच घाईनं?”

मुनाफभाईंनी मोठ्याने चहा मागवला. शेजारी सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याचं दुकान होतं. तिथून ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणली, करवतीने कापली, भोकं पाडली. काचेवर पॉलिशपेपर पसरून त्यावर ती पट्टी घासत राहिले. मध्येच उचलून उजेडात धरायचे, कुठे चमक आली आणि कुठे नाही ते बघायचे, पुन्हा घासायचे. सगळीकडे सारखी चमक आल्यावर थांबले. पॅकिंग या वेळी तांब्याच्या पातळ पत्र्याचं. सिलिकॉन बोटाने पुसल्याइतकं. बोल्ट एकदम नाही, थोडा हा, थोडा तो.

“आता?” हसुरामने विचारलं.

“आता उद्याचा पूर्ण दिवस.”

“उद्या सोमवार. सोमवारी म्हावरं कोन घेतंय?”

सिलिकॉनला लागणारी सवड आमच्या उपासतापासांत होतीच, फक्त पहिल्या वेळी कोणाच्या लक्षात आली नव्हती. गाडी मंगळवारी दुपारपर्यंत मुनाफभाईंकडे उभी राहिली. नेताना हसुरामने धूर तपासून घेतला. आकडा आधीपेक्षा वाढलेला होता, मर्यादेच्या आत होता. पैसे साठले की सायलेन्सर आणि झडप दोन्ही नवं बसवायचं, असं त्याने मुनाफभाईंकडून कबूल करून घेतलं, की मुनाफभाईंनी त्याच्याकडून, हे नीट आठवत नाही.

बुधवारी गाडी मांजरासारखी आली. गुलाबताईंनी ठोकळा मांडला. कोणी नव्हतं. त्यांनी वर गॅलरीकडे बघितलं. माई तिथे वाटाणे सोलत बसल्या होत्या. गुलाबताईंनी कोयता उचलून रिकाम्या ठोकळ्यावर एकदा मारला आणि वर बघूनच विचारलं, “माय, ह्या आवाजाचा तरास होतो काय?”

माईंनी मान हलवली. नाही.

पुन्हा मारला, जरा जोरात. “आन ह्याचा?”

माई म्हणाल्या, “येणार हे माहीत असलं की नाही होत.”

वॉचमन उठून आला. “बाई, ओरडायचं नाही हां.”

“मी कुठं ओरडतंय? माजा तोंड बंद हाय.”

त्या दिवशी खाली आम्ही आणि आणखी एक घर. शुक्रवारी तेवढीच. त्या बुधवार-शुक्रवारांमध्ये हसुराम यार्डाच्या मुकादमाला दोनदा भेटून आला. गुलाबताई मात्र तोच ठोका तसाच देत राहिल्या, आधी एक, मग थांबून दोन, आणि थांबताना नजर वरच्या गॅलरीकडे. मार्गशीर्षाचे गुरुवार लागेपर्यंत वरच्या मजल्यावरच्या बाई घरात बोलता बोलता मध्येच थांबून “आली” म्हणायला लागल्या होत्या. हसुरामने यार्डाला नाही सांगितलं ते तेव्हा.

यंदा गाडीला नवा सायलेन्सर आहे, झडप परत जागेवर आहे. म्हणजे मुनाफभाईंची जाड पट्टी निघाली. पट्टी हसुरामने फेकली नाही. गुलाबताई तिच्या कडेने मोठ्या माशांचे खवले काढतात. मुनाफभाईंना ते आवडलेलं नाही.

परवा पातेलं घेऊन खाली गेलो तेव्हा गेटावर दोघी-तिघी आधीच उभ्या होत्या. माई गॅलरीत होत्या, मांडीवर चष्मा, डोळे मिटलेले. गुलाबताई बर्फातून बोंबील काढत होत्या आणि कोणाच्या तरी जावयाची चौकशी करत होत्या. बोंबलांचा पहिला वाटा ठोकळ्यावर आला तो त्यानंतर. पहिला ठोका मी तिसऱ्या मजल्यावर ऐकला होता, तेव्हा ठोकळ्यावर मासा नव्हता.